डिग्रीजरसाठी सशाच्या डोळ्यावरची चाचणी: खरंच लागते का?

रबाळे_प्लँट
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटच्या मालाबद्दल विचारतो आहे. माल म्हणजे यंत्रांवरचं ग्रीस काढायचा अल्कधर्मी डिग्रीजर. सोडियम मेटासिलिकेट पेंटाहायड्रेट २ टक्के, फॅटी अल्कोहोल इथॉक्सिलेट (मळ सोडवणारा सर्फॅक्टंट) ६ टक्के, ब्युटिल ग्लायकॉल ५ टक्के, किंचित निळा रंग, बाकी पाणी. तयार मालाचा पीएच ११.८.

युरोपातल्या गिऱ्हाइकाने 'डोळ्याच्या दाहाचा ओईसीडी ४०५ चा रिपोर्ट' मागितला आहे, म्हणजे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवून दिलेली सशावरची चाचणी. तिला किती ससे लागतात, किती दिवस जातात? आणि निकाल सौम्य आला तर लेबलवरचा 'डेंजर' काढता येतो का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

घणसोली_७
भारतात प्राण्यांवर चाचण्या करायला २०१४ पासून बंदी आहे ना?

विषशास्त्र
@घणसोली_७, २०१४ ची बंदी सौंदर्यप्रसाधनांपुरती आहे. मे २०१४ मध्ये चाचणीवर आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, बाहेर प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांच्या आयातीवर. औद्योगिक रसायनं, कीटकनाशकं, औषधं त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे प्रयोगांचे नियम लागतात. सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी सरकारी समिती, आधीचं सीपीसीएसईए) नोंदलेली प्रयोगशाळा आणि तिच्या संस्थात्मक नीतिसमितीची मंजुरी, दोन्ही हवंच.

आता मूळ प्रश्न. रबाळेदादा, तुमच्या मालाची चाचणी सशावर करूच नये आणि चांगली समिती ती करूही देणार नाही. कारण तुम्ही स्वतःच लिहिलं आहे: पीएच ११.८. पीएच २ किंवा त्याखाली, नाहीतर ११.५ किंवा त्यावर असेल तर पदार्थ डोळ्याला गंभीर इजा करतो असंच धरायचं. ४०५ च्या मार्गदर्शिकेत सशापर्यंत पोचायच्या आधी पायऱ्या दिल्या आहेत: उपलब्ध माहिती, पीएच, त्वचेवरचा परिणाम, मग प्राण्याबाहेरच्या चाचण्या, आणि सगळ्यात शेवटी ससा. तुम्ही दुसऱ्याच पायरीवर अडला आहात.

तुर्भेकर
थोडा असहमत. नुसत्या पीएचवर निकाल देता येत नाही. साबणाच्या पातळ द्रावणाचाही पीएच चढा येतो, पण त्यात अल्कली असतो किती? खरा प्रश्न राखीव अल्कलीचा आहे. ओईसीडीची १२२ क्रमांकाची पद्धत त्यासाठीच आहे: पीएच मोजा, मग प्रमाण आम्लाने टायट्रेशन करून तो खाली आणायला किती आम्ल लागतं ते बघा. राखीव कमी निघाला तर पीएच ११.५ च्या वर असूनही पदार्थ सौम्य असू शकतो. कारखान्यातल्याच प्रयोगशाळेत ब्युरेट आणि पीएच मीटरवर अर्ध्या तासात होणारं काम आहे. इलेक्ट्रोड मात्र अल्कलीला चालणारा घ्या आणि पीएच १० चं बफर वापरून कॅलिब्रेट करा. नुसत्या ४ आणि ७ वर केलं तर ११.८ हा आकडाच भरवशाचा नाही.

विषशास्त्र
@तुर्भेकर, बरोबर, पण मेटासिलिकेट आहे हे विसरू नका. त्याचं कामच राखीव अल्कली पुरवणं. २ टक्के असताना टायट्रेशन कमी दाखवेल अशी आशा धरू नये. आणि राखीव कमी निघाला तरी पुढची पायरी काचेतली, म्हणजे प्राण्याबाहेरची चाचणी, ससा नाही.

एसडीएस_ताई
मंडळी, सगळ्यांनी एक साधी गोष्ट सोडली. हे मिश्रण आहे. युरोपात रीच या रसायन कायद्याखालची नोंदणी एकेका पदार्थाची होते, मिश्रणाची नाही. मिश्रणाचं फक्त वर्गीकरण करायचं असतं आणि ते गणिताने होतं. शिवाय युरोपच्या सीएलपी (वर्गीकरण आणि लेबल) नियमाचं कलम ७ सांगतं की वर्गीकरणासाठी प्राण्यावर नवी चाचणी करायची ती दुसरा कुठलाच मार्ग उरला नसेल तरच. म्हणजे गिऱ्हाईक जे मागतंय ते त्यांच्याच कायद्याच्या उलट आहे. खरेदी विभागातल्या कुणीतरी जुना फॉर्म पुढे ढकललेला असतो बहुतेक. 'सीएलपीप्रमाणे गणनेने वर्गीकरण केलं आहे' असं पत्र आणि सुधारित एसडीएस (सुरक्षा माहितीपत्रक) द्या.

गणित असं (वर्ग १ म्हणजे गंभीर इजा, वर्ग २ म्हणजे भरून येणारा दाह): वर्ग १ च्या घटकांची (डोळा वर्ग १ आणि त्वचा वर्ग १ मिळून) बेरीज ३ टक्के किंवा जास्त झाली की मिश्रण डोळ्यासाठी वर्ग १. १ ते ३ च्या मध्ये असेल तर वर्ग २. फक्त वर्ग २ चे घटक असतील तर त्यांची बेरीज १० टक्के व्हावी लागते. वर्ग १ ची बेरीज १० ने गुणून त्यात वर्ग २ ची मिळवली आणि १० टक्के भरले, तरी वर्ग २.

तुमच्याकडे मेटासिलिकेट त्वचा वर्ग १. इथॉक्सिलेट बहुतेक एच३१८ (डोळ्याला गंभीर इजा, म्हणजे वर्ग १). २ अधिक ६, झाले ८. वर्ग १, लेबलवर क्षरणाचं चित्र, 'डेंजर', एच३१८. ब्युटिल ग्लायकॉल एच३१९ (डोळ्याचा दाह, वर्ग २) आहे, त्याने आता फरक पडत नाही.

वाईट बातमी पुढे आहे. पीएच ११.५ च्या वरचा अल्कली १ टक्का किंवा जास्त असेल तर बेरजेचा नियम बाजूला राहतो आणि मिश्रण त्वचेलाही वर्ग १ ठरतं. मग एच३१४ (त्वचेला गंभीर भाजणं) आणि वाहतुकीत वर्ग ८ (क्षरणकारी माल). न्हावा शेवाला कंटेनर जाताना घोषणापत्र, पॅकिंग, भाडं सगळं बदलतं. एकटा एच३१८ असेल तर वर्ग ८ लागत नाही. त्यामुळे डोळ्याच्या आधी त्वचेचा निकाल लावा.

रबाळे_प्लँट
ताई, इतकं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार. पण मालकांचं म्हणणं असं की सशावर करून घेतलं आणि परिणाम कमी दिसला तर प्रत्यक्ष चाचणीचा निकाल गणनेवर मात करतो. हे खरं आहे ना?

एसडीएस_ताई
तत्त्वतः खरं. मिश्रणावरचा चांगला चाचणी निकाल गणनेच्या वर असतो, पण तो निकाल काचेतल्या चाचणीचाही चालतो.

पशुवैद्य_कळवा
'ससे किती, दिवस किती' याचं उत्तर राहिलं. चाचणीत नेमकं काय होतं हे कळलं की मागणी करणाऱ्याचा हात आखडतो, म्हणून सगळं लिहितो.

पांढरा न्यूझीलंड ससा, तरुण, प्रौढ. आधीच्या २४ तासांत दोन्ही डोळे तपासायचे, फ्लुरोसीन हा चमकणारा रंग घालून. कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) जरा जरी डाग धरला तर तो ससा बाद. सुरुवात एकाच सशावर. त्याला गंभीर इजा झाली की चाचणी तिथेच थांबते, बाकीच्यांना हात लावायचा नाही. नाहीतर खात्रीसाठी आणखी जास्तीत जास्त दोन.

वेदनाशमन हा आता पर्याय राहिलेला नाही, २०१२ च्या सुधारणेपासून ते पद्धतीचाच भाग आहे. पदार्थ घालण्याच्या ६० मिनिटं आधी ब्युप्रेनॉर्फिन ०.०१ मिग्रॅ प्रति किलो, त्वचेखाली. ५ मिनिटं आधी ०.५ टक्के प्रोपॅराकेन किंवा टेट्राकेनचे एक-दोन थेंब दोन्ही डोळ्यांत. दुसरा डोळा तुलनेसाठी असतो, त्यात भूल घातली नाही तर तुलनाच खोटी. ८ तासांनी पुन्हा ब्युप्रेनॉर्फिन आणि सोबत मेलोक्सिकॅम ०.५ मिग्रॅ प्रति किलो. पुढे जखम भरेपर्यंत ब्युप्रेनॉर्फिन दर १२ तासांनी, मेलोक्सिकॅम दर २४ तासांनी. ब्युप्रेनॉर्फिन अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं. साठा संपला आणि नोंदवहीचं काम अडलं म्हणून रात्रीची मात्रा चुकणं हा अक्षम्य प्रकार आहे. औषध हातात आल्याशिवाय तारीखच ठरवू नये.

पदार्थ ०.१ मिली. खालची पापणी अलगद ओढून पेल्यासारखा खोलगट भाग करायचा, त्यात सोडायचं आणि पापण्या साधारण एक सेकंद मिटून धरायच्या. थेट कॉर्नियावर टाकलं तर अर्धं गालावर ओघळतं आणि मात्रा किती गेली ते कळत नाही. घन पदार्थ असेल तर बारीक पूड करून ०.१ मिली आकारमान किंवा जास्तीत जास्त १०० मिग्रॅ. भांडं हलकेच ठोकून आकारमान मोजतात. द्रव असेल तर २४ तास डोळा धुवायचा नाही, लगेच क्षरण दिसलं तर अपवाद. घन पदार्थ तासाभराने डोळ्यात उरलाच असेल तर सलाइनने धुता येतो.

नोंदी १, २४, ४८, ७२ तासांनी. इजा राहिली तर २१ दिवसांपर्यंत. कॉर्नियाची अपारदर्शकता ० ते ४, आयरिस (डोळ्याचा रंगीत भाग) ० ते २, लाली ० ते ३, सूज ० ते ४.

माजिवडा_मनीषा
वाचताना पोटात कालवलं, पण लिहिलंत हे फार बरं केलंत. ही गुणांची पद्धत १९४४ ची ना? तिच्यावर तेव्हापासून आक्षेप आहेत असं वाचलं होतं.

विषशास्त्र
हो. ड्रेझ आणि त्यांचे सहकारी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात होते, त्यांचा लेख १९४४ चा. १९७१ मध्ये वेल आणि स्काला यांनी तेच पदार्थ वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासून घेतले आणि गुणांमध्ये मोठी तफावत निघाली. 'लाली १ की २' हे बघणाऱ्याच्या नजरेवर आहे. प्रकाश बदलला तरी गुण बदलतो.

सशाचा डोळा म्हणजे माणसाचा डोळा नव्हे, हेही लक्षात घ्या. त्याला तिसरी पापणी असते आणि तो फारच कमी वेळा पापणी मिटतो. पदार्थ डोळ्यात जास्त वेळ राहतो.

रिपोर्ट वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. वर्गीकरण करताना प्रत्येक सशाची २४, ४८, ७२ तासांची सरासरी वेगळी काढायची. तीन सशांची मिळून सरासरी काढणं ही नेहमी दिसणारी चूक. १ तासाचा गुण सरासरीत धरायचाच नसतो. तिघांपैकी दोघांत अपारदर्शकता ३ किंवा जास्त, किंवा आयरिस १.५ च्या वर गेला की वर्ग १. एका जरी सशात २१ दिवसांत इजा पूर्ण भरली नाही तरी वर्ग १. दोघांत अपारदर्शकता १, आयरिस १, लाली २ किंवा सूज २ यांपैकी काहीही गाठलं आणि २१ दिवसांत भरून आलं तर २ए. सात दिवसांत भरलं तर २बी. युरोपात २ए-२बी वेगळे करत नाहीत, एकच वर्ग २.

पशुवैद्य_कळवा
लालीबद्दल आपल्याकडची खास अडचण आहे. पावसाळ्यात नवी मुंबईची हवा किती दमट असते ते सांगायला नको. सशांच्या खोलीत तापमान २० अंश, तीनएक अंश इकडे-तिकडे, आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत हवी. वातानुकूलन कमी पडलं आणि ट्रे वेळेवर बदलले नाहीत की लघवीतला अमोनिया साचतो, डोळे आधीच लालसर होतात. गवताच्या धुळीनेही तसंच होतं. तुलनेच्या डोळ्यातही लाली १ दिसत असेल तर दोष खोलीचा आहे, रसायनाचा नाही.

 

खाडीकाठ
प्राण्याबाहेरच्या चाचण्यांचा सगळे जप करत आहेत, पण व्यवहारात अडचण आहे. गाईच्या कॉर्नियावरची बीसीओपी, म्हणजे ओईसीडी ४३७, कत्तलखान्यातल्या डोळ्यांवर चालते. महाराष्ट्रात गाय आधीपासून आणि २०१५ पासून बैलही बंद. देवनारला मिळतील ते म्हशीचे डोळे. पद्धतीची सगळी पडताळणी गाई-बैलांच्या डोळ्यांवर झालेली आहे. मग काय करायचं?

दुसरं, जखम भरते की नाही हे काचेत दिसत नाही. कीटकनाशकवाले अजून सशाचा आकडा मागतात त्याचं कारण हेच.

विषशास्त्र
खाडीकाठ, दोन्ही मुद्दे रास्त.

म्हशीच्या डोळ्यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला पद्धतीतली प्रावीण्य रसायनं (ज्यांचा निकाल आधीच माहीत आहे अशी) चालवून स्वतःचा डेटा दाखवावा लागतो. तो दिसल्याशिवाय रिपोर्ट घेऊ नका. डोळे आणताना बर्फावर, हँक्सच्या क्षारद्रावणात, प्रतिजैविकासह, आणि त्याच दिवशी वापरायचे. उशीर झाला की कॉर्निया आपोआप धूसर होतो. सुरुवातीलाच ७ एककांपेक्षा जास्त धूसर असेल तो टाकून द्यायचा.

पद्धत: प्रत्येक गटाला तीन कॉर्निया. द्रव पदार्थ ७५० मायक्रोलिटर, ३२ अंशाला १० मिनिटं, मग नीट धुऊन आणखी २ तास. घन पदार्थाचं २० टक्के द्रावण, ४ तास. अपारदर्शकता मोजल्यावर फ्लुरोसीन घालून ९० मिनिटं ठेवायचं आणि पलीकडे किती झिरपलं ते ४९० नॅनोमीटरला बघायचं. गुण म्हणजे अपारदर्शकता अधिक १५ गुणिले झिरप. ५५ च्या वर वर्ग १, ३ किंवा कमी असेल तर वर्गीकरण नाही. मधला निकाल आला तर ही चाचणी एकटी काही सांगू शकत नाही, हे आधीच मालकांना समजावून ठेवा. शिवाय अल्कोहोल आणि कीटोन असतील तर ती उगाच जास्त दाहक दाखवते.

गाईच्या डोळ्यांचा पेच टाळायचा तर कोंबडीच्या डोळ्याची ४३८ आहे. डोकी अख्खी, सलाइनने ओले केलेले कागद ठेवलेल्या डब्यात, दोन तासांच्या आत आणायची. तिथे ३० मायक्रोलिटर फक्त १० सेकंद, मग २० मिली सलाइनने धुणं. सूज, धूसरपणा आणि फ्लुरोसीन धरणं ४ तासांपर्यंत बघतात. कोंबड्या बाजारासाठीच कापलेल्या असतात, वेगळा जीव घ्यावा लागत नाही.

भरून येण्याबद्दल: एकट्या चाचणीत ते दिसत नाही हे खरं. पण २०२२ पासून ओईसीडीचं ४६७ आहे, त्यात अनेक पुराव्यांची ठरलेली जुळणी करून वर्ग ठरवतात. त्याच वर्षी ४९२बी आलं, मानवी कॉर्नियाच्या ऊतीवर वेगवेगळ्या वेळा ठेवून तिन्ही वर्ग वेगळे करणारं. आधीचं ४९२ फक्त 'वर्गीकरण नाही' एवढंच सांगतं.

तुर्भेकर
४९२ वर रंगीत माल असणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथे पेशी जगल्या की नाही हे एमटीटीच्या (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात ते रसायन) जांभळ्या रंगावरून कळतं. पदार्थ स्वतःच रंगीत असेल, किंवा स्वतःच एमटीटीला जांभळं करत असेल, जसे थायोल, सल्फाइट, तर मेलेली ऊतीही जिवंत दिसते. आधी नुसत्या एमटीटी द्रावणात पदार्थ टाकून तीन तास ठेवायचं. जांभळं झालं तर मारलेल्या ऊतींचे वेगळे नियंत्रण गट लागतात. रंगाचा अडथळा फारच असेल तर एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) मोजायचं. द्रवाला ५० मायक्रोलिटर आणि ३० मिनिटं, घनाला ५० मिग्रॅ आणि ६ तास. जिवंतपणा ६० टक्क्यांच्या वर राहिला तर वर्गीकरण नाही.

रबाळेदादा, तुमचा निळा रंग चाचणीच्या नमुन्यात घालायचा की नाही हे आधी प्रयोगशाळेशी बोला. आणि सर्फॅक्टंट ऊतीला चिकटून राहतो, धुणं कमी पडलं की निकाल विनाकारण वाईट येतो.

ऊती परदेशातून थंड पेटीत येतात. विमानतळावर कस्टममध्ये शनिवार-रविवार अडकल्या तर गेल्या. पेटी सोमवारी-मंगळवारी पोचेल अशीच मागवतात.

सेफ्टी_पवणे
चाचणी कुठली का होईना, एच३१८ चा अर्थ शॉप फ्लोअरवर काय ते लिहितो. माणसाच्या डोळ्यात हा माल गेला तर?

आम्लाने प्रथिनं गोठतात आणि इजा बहुधा तिथेच अडते. अल्कली मेद साबणासारखा विरघळवत आत शिरत राहतो, म्हणून मेटासिलिकेट जास्त घातक. धुणं पहिल्या १० सेकंदांत सुरू व्हायला हवं आणि निदान १५ मिनिटं चालायला हवं. आय वॉशचा प्रवाह मिनिटाला १.५ लिटर, म्हणजे १५ मिनिटांना साडेबावीस लिटर. भिंतीवर टांगलेली अर्ध्या लिटरची बाटली हे उत्तर नव्हे, ती फक्त आय वॉशपर्यंत नेताना वापरायची. पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या, वरची पापणी उलटून खाली कण अडकलाय का बघायचं. व्हिनेगर, लिंबू असलं काही घालायचं नाही. दवाखान्यात पापणीच्या आत लिटमस लावून पीएच ७ च्या आसपास आल्याशिवाय धुणं थांबवत नाहीत.

आपल्याकडची चूक: आय वॉशची लाइन पत्र्याच्या शेडवरच्या काळ्या टाकीवरून घेतात. एप्रिल-मे महिन्यात दुपारी ते पाणी हात लावता येणार नाही इतकं तापतं. पाणी १६ ते ३८ अंशांत हवं. टाकी सावलीत घ्या, पाइपवर आच्छादन घाला, आणि आठवड्यातून एकदा सोडून बघा. गंजाचं लाल पाणी डोळ्यात मारायचं नाही.

माजिवडा_मनीषा
मग सूत्रच बदललं तर? मेटासिलिकेटऐवजी सौम्य अल्कली?

एसडीएस_ताई
उत्तम, मी त्यावरच येत होते. मेटासिलिकेट काढून सोडा ॲश आणि सायट्रेट घेतलं तर पीएच ११.५ च्या खाली येऊ शकतो, आणि सोडा ॲश स्वतः फक्त एच३१९ आहे. त्वचेचा वर्ग १ सुटला, वाहतुकीतला वर्ग ८ सुटला. इथॉक्सिलेट ६ टक्के मात्र उरतोच, एकटाच ३ च्या वर.

इथे पुरवठादाराच्या एसडीएसचा भाग ३ नीट वाचा. काही इथॉक्सिलेटना विशिष्ट सांद्रता मर्यादा दिलेली असते: १० टक्के किंवा जास्त असेल तर एच३१८, त्याखाली एच३१९. एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट, शांपूतला फेसाचा सर्फॅक्टंट) याचंही तसंच, १० च्या वर एच३१८, ५ ते १० मध्ये एच३१९. तशी मर्यादा असेल तर तुमचे ६ टक्के वर्ग २ मध्ये बसतात आणि 'डेंजर'चं 'वॉर्निंग' होतं, एकही डोळा न बिघडवता. ती मर्यादा कशाच्या आधारे दिली आहे ते पुरवठादाराकडून लेखी घ्या. आणि अल्किल पॉलिग्लुकोसाइड वनस्पतीजन्य म्हणून सौम्य समजू नका, त्यातले बरेच एच३१८ आहेत.

खाडीकाठ
हे पटलं. मी बीसीओपीवर अडून बसलो होतो, इथे चाचणीच लागत नाही. पण सोडा ॲशने जड ग्रीस निघेल का?

तुर्भेकर
थंड पाण्यात कमी निघेल. ५०-६० अंशांला आणि ब्युटिल ग्लायकॉल तेवढंच ठेवलं तर बऱ्यापैकी. मेटासिलिकेट गंजरोधकाचंही काम करतं, विशेषतः ॲल्युमिनियमवर. ते काढल्यावर पट्टी बुडवून २४ तास बघा, काळी पडते का.

रबाळे_प्लँट
पुरवठादाराचा एसडीएस काढून बघितला. भाग ३ मध्ये खरंच मर्यादा आहे: १० टक्के आणि वर एच३१८, १ ते १० मध्ये एच३१९. मेटासिलिकेट काढून सोडा ॲशचा छोटा बॅच लावतो, पीएच मीटर १० च्या बफरवर कॅलिब्रेट करूनच. सशाच्या चाचणीची चौकशी थांबवायला मालकांनी होकार दिला. शेवटचा प्रश्न: गिऱ्हाइकाच्या एसडीएसमध्ये भाग ११ ला 'चाचणी केली नाही' असं लिहिलं तर कमीपणा दिसेल का?

एसडीएस_ताई
अजिबात नाही. असं लिहा: 'मिश्रणावर प्राणी चाचणी केलेली नाही. वर्गीकरण घटकांच्या माहितीवरून, गणना पद्धतीने.' खाली प्रत्येक घटकाची डोळ्याची माहिती आणि मर्यादेचा आधार द्या. नव्या बॅचचा पीएच भाग ९ मध्ये, सांद्रता आणि तापमानासह. 'पीएच: अल्कधर्मी' असं मोघम लिहिलं की समोरचा पुन्हा रिपोर्ट मागतो.